सुप्रीम कोर्टाबद्दल नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

"सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार नाही!" हे वाक्य सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात रोज कुणी ना कुणी बोलतं. बांधाच्या भांडणात बोलतं, भावकीच्या वाटणीत बोलतं, सोसायटीच्या पार्किंगवरूनही बोलतं. त्यानंतरचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. नाशिक शहर, निफाड, सिन्नर, देवळाली, मालेगाव अशा ठिकाणांहून ते आलेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. आपले कागद वकिलाला दाखवल्याशिवाय यातल्या कशावरही विसंबू नका, मुदतीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

१. सुप्रीम कोर्ट म्हणजे हायकोर्टाच्या वरचं कोर्ट, एवढंच ना?

वरचं आहेच, पण अपिलं ऐकणं हे त्याच्या कामांपैकी एक. २८ जानेवारी १९५० ला, म्हणजे प्रजासत्ताक झाल्यावर दोनच दिवसांनी ते सुरू झालं. केंद्र आणि राज्य किंवा दोन राज्यं भांडली तर तो दावा थेट तिथेच चालतो (प्रश्न ९). मूलभूत हक्क मोडला तर तिथे थेट याचिका करता येते (प्रश्न ७). संसदेने केलेला कायदा घटनेत बसतो का हे ते तपासतं (प्रश्न १३). राष्ट्रपतींनी एखादा कायदेशीर प्रश्न विचारला तर अनुच्छेद १४३ खाली मत देतं. आणि अनुच्छेद १४१ नुसार त्याने सांगितलेला कायदा देशातल्या प्रत्येक कोर्टावर बंधनकारक असतो, चांदवडच्या कोर्टावरसुद्धा.

सुरुवातीला सरन्यायाधीश आणि सात न्यायाधीश होते. २०१९ मध्ये ही संख्या सरन्यायाधीश धरून ३४ झाली. हे सगळे एकत्र बसत नाहीत. रोजची कामं दोघातिघांच्या खंडपीठांपुढे चालतात.

२. निफाडच्या कोर्टात जमिनीचा दावा हरलो. खालच्या कोर्टांवर विश्वास उरला नाही. सरळ सुप्रीम कोर्टात जाऊ का?

नाही जाता येणार. दिवाणी दाव्यात आधी जिल्हा न्यायालयात पहिलं अपील. तिथे पुरावा पुन्हा तपासला जातो, साक्षी पुन्हा वाचल्या जातात. तिथेही हरलात तर मुंबई उच्च न्यायालयात दुसरं अपील, आणि ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. 'माझा साक्षीदार खरं बोलत होता' हा त्यात मुद्दा होत नाही. सुप्रीम कोर्टाचा विषय त्यानंतरचा.

म्हणून पहिल्या अपिलातच जीव ओता. बरेच जण तिथे हात आखडता घेतात आणि 'वर बघू' म्हणतात. वर बघण्यासारखं खाली काही ठेवलेलं नसेल तर वरचं कोर्ट बघणार काय? तालुक्याच्या कोर्टात जो कागद दाखल झाला नाही, जो प्रश्न उलटतपासात विचारला गेला नाही, त्याची भरपाई दिल्लीत होत नाही.

औरंगाबाद खंडपीठाबद्दलही विचारणा होते. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नगर जिल्हा तिकडे जातो, नाशिक नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच म्हणजे फिरतं खंडपीठ सुरू झालं, त्याचाही आपल्याशी संबंध नाही. नाशिकची अपिलं मुंबईलाच, पहाटे पंचवटी एक्स्प्रेस गाठून.

३. माझं भांडण सातबाऱ्याच्या नोंदीचं आहे. त्यालाही हाच रस्ता का?

नाही. फेरफाराचा वाद महसूल खात्याच्या पायऱ्यांनी चढतो: तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, नाशिकरोडचे विभागीय आयुक्त, आणि शेवटी मंत्रालय. त्यानंतर हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी आदेशाला आव्हान देणारी याचिका. पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी दावा लावावा लागतो. महसुलात पंधरा वर्षं घालवून मग दिवाणी कोर्टात आलेले लोक आहेत, आणि तिथे त्यांना मुदतीचा पहिला धक्का बसतो.

४. हायकोर्टात हरलो तर सुप्रीम कोर्टात अपील हा माझा हक्कच आहे ना?

बहुतेकांच्या बाबतीत नाही, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. अनुच्छेद १३६ खाली जे दाखल होतं ते अपील नसतं. ती अपिलाची परवानगी मागणारी याचिका असते. कोर्टात तिला 'एसएलपी' म्हणतात, विशेष अनुमती याचिका. परवानगी द्यायची की नाही हे पूर्णपणे कोर्टाच्या मर्जीवर. दिली तर 'लीव्ह ग्रँटेड' असं लिहिलं जातं आणि मग अपील सुरू होतं. नाही दिली तर काही मिनिटांत विषय संपतो.

'हायकोर्टाचा निकाल चुकला' एवढं त्यासाठी पुरत नाही. कायद्याचा मोठा प्रश्न, वेगवेगळ्या हायकोर्टांनी उलटसुलट दिलेले निकाल, किंवा उघड अन्याय असं काहीतरी लागतं. तिन्ही कोर्टांनी पुरावा वाचून एकच निष्कर्ष काढला असेल तर चौथ्यांदा तो उकरून काढायला सुप्रीम कोर्ट सहसा तयार होत नाही. मुदत हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांची. उशीर माफ होतो, पण तो का झाला ते पटवावं लागतं.

हक्काचं अपील मोजक्या प्रकरणांत असतं. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला हायकोर्टाने फिरवून फाशी दिली, तर अनुच्छेद १३४ खाली हक्काने अपील. १९७० च्या एका कायद्याने हा हक्क वाढला आणि निर्दोष सुटका फिरवून जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षा दिली असेल तरी लागू झाला. दिवाणीत हायकोर्टाने स्वतःच 'हा सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न आहे' असं प्रमाणपत्र दिलं तर अनुच्छेद १३३ चा मार्ग उघडतो. असं प्रमाणपत्र क्वचितच मिळतं.

५. माझी एसएलपी एका ओळीत 'डिसमिस' झाली. म्हणजे हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाने बरोबर ठरवला?

तसं होत नाही, आणि समोरचा पक्ष गावभर तसं सांगत फिरत असला तरी होत नाही. कारण न देता परवानगी नाकारली, एवढाच त्याचा अर्थ. हायकोर्टाचा निकाल तुमच्यापुरता कायम राहतो, पण त्यावर सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसत नाही. २००० साली कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या निकालात हे नीट उलगडून सांगितलं आहे. एकदा परवानगी मिळून अपील सुरू झालं आणि मग निकाल लागला, तर मात्र हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या निकालात विलीन होतो.

याचा व्यवहारात उपयोग काय? नुसती परवानगी नाकारली असेल तर काही वेळा हायकोर्टातच पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. विलीन झाल्यावर ते दार बंद. आदेशातले शब्द वकिलाकडून नीट वाचून घ्या. एखाददुसऱ्या कारणाचा उल्लेख असला तरी फरक पडतो.

६. समोरच्याने सुप्रीम कोर्टात केस टाकली म्हणतात. आता माझी दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीची कारवाई) थांबली का? आणि तो गेला हे मला कळणार कसं?

दाखल केल्याने काहीही थांबत नाही. स्थगितीचा स्वतंत्र आदेश लागतो. तो त्याने दाखवेपर्यंत तुमची दरखास्त चालू. 'दिल्लीत केस आहे' म्हणून कुणी वसुली किंवा ताबा अडवत असेल तर आदेशाची प्रत मागा. डायरी नंबर हा केस दाखल झाल्याचा क्रमांक, तो म्हणजे आदेश नव्हे.

कळण्यासाठी कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा आधीच दिलेला अर्ज. हायकोर्टात जिंकल्याबरोबर सुप्रीम कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवलं की तुम्हाला न ऐकता एकतर्फी स्थगिती मिळवणं त्याला अवघड जातं. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, मग नवं टाकावं लागतं. खर्च फार नसतो. तरी लोक नेमकं हेच विसरतात आणि मग धावपळ करतात.

७. मूलभूत हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं असं शाळेत शिकलो. मग लोकांना 'हायकोर्टात जा' का सांगतात?

शाळेत बरोबर शिकवलं. अनुच्छेद ३२ स्वतःच एक मूलभूत हक्क आहे. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली ज्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला त्या बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. हक्क कागदावर असणं आणि दार उघडणं यातलं अंतर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टाचा अधिकार याहून रुंद आहे. मूलभूत हक्कच नव्हे, साधा कायदेशीर हक्क डावलला तरी तिथे रिट होतं. पालिकेने परवाना अडवला, शाळेने दाखला रोखला, पेन्शन थांबली, ही हायकोर्टाची कामं. म्हणून सुप्रीम कोर्ट अशा याचिकांना आधी मुंबईला जायला सांगतं. अनेक राज्यांना एकदम लागू होणारा प्रश्न असेल तर ते स्वतः ऐकण्याची शक्यता जास्त.

एक लक्षात ठेवा. मूलभूत हक्क मुख्यतः सरकार आणि सरकारी यंत्रणेविरुद्ध मागायचे असतात. शेजाऱ्याने गच्चीवर पत्रे ठोकले म्हणून अनुच्छेद ३२ लागत नाही.

८. कांद्याची निर्यातबंदी आली की आमचं पीक मातीमोल होतं. सुप्रीम कोर्ट बंदी उठवू शकत नाही का?

लासलगाव, पिंपळगाव, विंचूर या पट्ट्यातून हा प्रश्न दर बंदीनंतर येतो. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली, तेव्हा तर सारखाच येत होता. रागाचं कारण कळतं. लिलावात भाव पुकारला जातो तेव्हा ट्रॅक्टरजवळ उभ्या शेतकऱ्याचा चेहरा पाहिला की आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

कायद्याचं उत्तर मात्र रुक्ष आहे. कोर्ट 'हे धोरण शहाणपणाचं आहे का' असं विचारत नाही. 'हे कायदेशीर आहे का' एवढंच विचारतं. निर्यातीवर बंदी घालायचा अधिकार केंद्राला १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्याने दिला आहे. व्यवसायाचं स्वातंत्र्य अनुच्छेद १९ मध्ये आहे, आणि त्याच अनुच्छेदात सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांची मुभाही आहे. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हे सरकार 'सार्वजनिक हित' म्हणून मांडतं, आणि अशा आर्थिक निर्णयात कोर्ट सहसा हात घालत नाही.

मग काहीच करता येत नाही का? येतं, पण मुद्दा बारीक हवा. बंदीच्या आधी झालेले करार, बंदरावर पोचलेला माल, ठरावीक निर्यातदारांनाच दिलेली सवलत, अधिसूचना काढताना डावललेली पद्धत, अशा गोष्टींवर रिट उभं राहू शकतं, आणि तेही आधी हायकोर्टात. 'आमचं नुकसान झालं' हा निवडणुकीतला मुद्दा आहे, याचिकेतला नाही.

९. जायकवाडीच्या पाण्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. पाण्याचे वाद लवादाकडे जातात ना? आणि हा तर दोन राज्यांतला नाहीच!

दोन्ही शंका बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर.

दोन राज्यांमधल्या नदीच्या पाण्याचा वाद अनुच्छेद २६२ आणि १९५६ च्या कायद्यानुसार लवादाकडे जातो आणि तो सुप्रीम कोर्टासह सगळ्या कोर्टांच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. गोदावरीसाठी असा लवाद झाला, त्याचा निवाडा १९८० चा.

गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेडचं पाणी पैठणला सोडायचं का, हा मात्र राज्याच्या आतला प्रश्न. तिथे २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा लागतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र प्राधिकरणाने ठरवलं. हायकोर्टाने २०१६ मध्ये ही व्यवस्था कायम केली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी सोडायला स्थगिती देण्यास सुप्रीम कोर्टाने नकार दिला. म्हणजे हा वाद 'राज्य विरुद्ध राज्य' म्हणून तिथे गेलेला नाही. नेहमीच्याच जिन्याने चढून वर गेला.

हीच गोदावरी पुढे नांदेड जिल्ह्यात जाते तेव्हा चित्र बदलतं. बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेशाने महाराष्ट्रावर अनुच्छेद १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात दावा लावला. प्रश्न लवादाने आधीच ठरवलेल्या वाटपाच्या पालनाचा होता. २०१३ मध्ये बंधाऱ्याला परवानगी मिळाली, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायच्या अटीवर. बेळगाव सीमाप्रश्नाचा २००४ चा महाराष्ट्राचा दावाही अनुच्छेद १३१ खालचाच. खासगी माणसाला हा अनुच्छेद वापरता येत नाही.

१०. हायकोर्टाला वगळून थेट सुप्रीम कोर्टात अपील जातं अशी काही प्रकरणं असतात का?

असतात. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. पर्यावरणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे नेता येतं आणि लवादाच्या निर्णयावर ९० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील होतं. पण हायकोर्टाचा रिटचा अधिकार त्यामुळे संपत नाही.

ग्राहक प्रकरणात थोडी गंमत आहे. तक्रार मुळातच दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे दाखल झाली असेल तर तिच्यावरचं अपील सुप्रीम कोर्टात, मुदत ३० दिवस. पण तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात सुरू होऊन अपिलांनी राष्ट्रीय आयोगापर्यंत पोचली असेल, तर त्यापुढे हक्काचं अपील नाही. आधी हायकोर्टात अनुच्छेद २२७ खाली जायला सुप्रीम कोर्टानेच २०२२ मध्ये सांगितलं आहे.

देवळालीहून लष्करातली मंडळी विचारतात. कोर्ट मार्शलचा आदेश अनुच्छेद १३६ मधून स्पष्टपणे वगळला आहे. तिथे सशस्त्र दल न्यायाधिकरण, आणि त्याच्यापुढे सुप्रीम कोर्ट तेवढ्या परवानगीनेच. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर हायकोर्टात रिट चालतं का, यावर बरीच वर्षं घोळ होता. २०२३ मध्ये 'चालतं' असं ठरलं.

आमदार-खासदारांच्या निवडणूक याचिकेची सुनावणीच हायकोर्टात सुरू होते, म्हणून तिचं अपील थेट दिल्लीला.

११. सासर सुरतचं. नवऱ्याने तिथे घटस्फोटाचा दावा टाकला. लहान मूल घेऊन दर तारखेला जाणं जमत नाही. केस नाशिकला आणता येते का?

येते, आणि सामान्य माणसाचा सुप्रीम कोर्टाशी खराखुरा संबंध येतो तो बहुधा इथेच. एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यात हलवायचा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाला आहे: दिवाणीत कलम २५, फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४४६. अर्जात नेमकं लिहा: मूल किती वर्षांचं, सोबत यायला कुणी आहे का, उत्पन्न किती, नाशिकला तुमची आणखी कोणती केस चालू आहे. बाईची अडचण कोर्ट गांभीर्याने घेतं. मात्र हल्ली 'व्हिडिओवर हजर राहा' असाही पर्याय सुचवला जातो, त्याची तयारी ठेवा.

केस पुण्याला असेल तर दिल्लीची गरज नाही, कलम २४ खाली मुंबई हायकोर्ट हलवतं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, समजा मालेगावहून नाशिकला, तर जिल्हा न्यायालयही हलवू शकतं. शिवाय हिंदू विवाह कायद्यानुसार पत्नी जिथे राहते तिथे स्वतःची याचिका टाकू शकते, तीही नाशिकला टाकता येईल.

१२. सुप्रीम कोर्ट सहा महिने न थांबता घटस्फोट देतं म्हणे. मग थेट तिथेच अर्ज करू?

थेट नाही. १ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांनी शिल्पा शैलेश प्रकरणात ठरवलं की संसार पुन्हा सावरण्यापलीकडे मोडला असेल तर अनुच्छेद १४२ खाली सुप्रीम कोर्ट विवाह संपवू शकतं, एका बाजूची संमती नसली तरी. 'पूर्ण न्याय' करण्याचा हा अधिकार फक्त त्याच एका कोर्टाला आहे. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की केवळ घटस्फोटासाठी कुणी अनुच्छेद ३२ खाली थेट यायचं नाही. काही कारणाने प्रकरण तिथे पोचलेलं असेल, जसं प्रश्न ११ मधला अर्ज, तर हा अधिकार वापरला जाऊ शकतो. संमतीचा घटस्फोट असेल तर सहा महिन्यांची अट कौटुंबिक न्यायालयही योग्य प्रकरणात माफ करू शकतं. त्यासाठी दिल्लीचं तिकीट काढू नका.

१३. संसद मोठी की सुप्रीम कोर्ट?

दोघांच्याही वर घटना. कायदा घटनेच्या विरुद्ध असेल तर कोर्ट तो रद्द ठरवतं. संसद घटनाच बदलून टाकू शकते का, यावर २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी निकाल दिला, सात विरुद्ध सहा. घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. याच आधारावर २०१५ मध्ये न्यायाधीश नेमण्याच्या आयोगाची घटनादुरुस्ती रद्द झाली (प्रश्न १६).

उलट बाजूने, निकाल आवडला नाही म्हणून 'हा निकाल लागू नाही' असा कायदा संसद करू शकत नाही. पण ज्या कायद्याच्या आधारावर निकाल लागला तो कायदाच बदलू शकते. आपल्याच राज्यातून गेलेलं उदाहरण बघा. २० मार्च २०१८ ला सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्यातल्या अटकेवर कोर्टाने अटी घातल्या. देशभर आंदोलनं झाली. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी काढल्या, आणि २०२० मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

१४. सुप्रीम कोर्ट स्वतःचाच जुना निकाल फिरवू शकतं?

शकतं, पण मोठ्या खंडपीठाने. दोन न्यायाधीश तिघांचा निकाल मोडू शकत नाहीत. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ प्रमाणे किमान पाच जण बसतात. ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा रद्द केला तो अशाच पाचांच्या घटनापीठाने. आणीबाणीत १९७६ साली कोर्टाने म्हटलं होतं की बेकायदा अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. त्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी तो निकाल पुसला, तेव्हा पुसणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते.

१५. महापालिकेची निवडणूक कधी घ्यायची हे कोर्ट का ठरवतं? ते काम निवडणूक आयोगाचं ना?

आयोगाचंच. पण मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे हे अनुच्छेद २४३-यू सांगतो, आणि नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक बसला होता. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यांत सगळं अडकलं होतं. त्याची सुरुवात मार्च २०२१ च्या विकास किशनराव गवळी निकालाने झाली होती. त्यात आरक्षणासाठी तीन अटी होत्या: मागासलेपणाचा अभ्यास करणारा आयोग, त्यावरून ठरलेलं प्रमाण, आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने चार आठवड्यांत अधिसूचना आणि चार महिन्यांत निवडणूक असं बजावलं, मग मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. मतदान १५ जानेवारीला झालं. कोर्टाने तारीख दिली ती घटनेची तारीख आधीच उलटून गेल्यामुळे. ज्या कोर्टाने घड्याळ दाखवलं त्याच कोर्टात प्रकरण इतकी वर्षं लोंबकळलं, हेही नाशिककरांनी बोलून दाखवलंच.

१६. न्यायाधीश कोण नेमतं आणि चुकला तर काढतं कोण?

सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम नावं सुचवतं, नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीने. निवृत्ती ६५ व्या वर्षी. काढायचं तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते आणि दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. आजवर सुप्रीम कोर्टाचा एकही न्यायाधीश असा काढला गेलेला नाही. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरचा ठराव लोकसभेत पडला.

१७. नाशिकचाच वकील दिल्लीत चालेल का? इंग्रजी येत नसेल तर? पैसे नसतील तर?

युक्तिवाद कुठलाही वकील करू शकतो, पण दाखल फक्त 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' करतो, म्हणजे सुप्रीम कोर्टाची वेगळी परीक्षा दिलेला वकील. कामकाज इंग्रजीत. मराठी कागदांचं भाषांतर करून जोडावं लागतं. सातबारा, पंचनामा, जबाब असं करत हा खर्च वाढत जातो, आधीच विचारून घ्या. सुनावणी घरून व्हिडिओवर बघता येते, त्यामुळे प्रत्येक तारखेला मंगला एक्स्प्रेस पकडायची गरज उरलेली नाही. निवडक निकालांची मराठी भाषांतरं कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतात, पण अर्थावर वाद झाला तर इंग्रजी मूळ धरतात.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडे. सुरुवात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून किंवा १५१०० या हेल्पलाइनवरून करा.

१८. सरन्यायाधीशांना साधं पत्र लिहिलं तर केस होते, खरं का?

खरं आहे, पण सगळ्यांचं होत नाही. १९८० च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांची पत्रं, वेठबिगारांच्या तक्रारी कोर्टाने याचिका म्हणून घेतल्या. आता पत्रं आधी छाननीला जातात, आणि घरमालक-भाडेकरू, नोकरी, पेन्शन अशा वैयक्तिक तक्रारी जनहित याचिका म्हणून घेत नाहीत. स्वतःच्या प्लॉटचं भांडण 'जनहित' म्हणून पाठवलं तर उलट दंड व्हायची शक्यता.

१९. व्हॉट्सॲपवर निकालाला शिव्या घातल्या तर अवमान होतो का?

निकाल चुकला असं म्हणणं, त्याची चिरफाड करणं हा अवमान नाही. १९७१ च्या कायद्याचं कलम ५ योग्य टीकेला संरक्षण देतं. न्यायाधीशाने पैसे खाल्ले असा बिनबुडाचा आरोप पसरवणं, चालू सुनावणीत अडथळा आणणं, किंवा आदेश जाणूनबुजून न पाळणं हा अवमान. कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड. ग्रुपचा ॲडमिन विचारत असेल तर सांगा, 'फॉरवर्ड' करणाऱ्यालाही जबाब द्यावा लागू शकतो.

२०. सुप्रीम कोर्टातही हरलो. आता पुढे काही आहे का?

३० दिवसांत अनुच्छेद १३७ खाली पुनर्विलोकन याचिका. ती बहुधा त्याच न्यायाधीशांपुढे जाते, दालनात, वकिलांच्या युक्तिवादाशिवाय. फाशीच्या प्रकरणांत २०१४ पासून खुल्या कोर्टात सुनावणी मिळते. तीही फेटाळली तर क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे चूक दुरुस्त करा म्हणणारी शेवटची याचिका. ती २००२ च्या रूपा हुर्रा निकालातून जन्मली, तिला ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ती यशस्वी होणं फारच दुर्मीळ. जमिनीच्या वादात हे दोन्ही करण्यात सहसा फक्त वकिलांची फी जाते.

शिक्षेच्या बाबतीत राष्ट्रपतींकडे अनुच्छेद ७२ खाली किंवा राज्यपालांकडे अनुच्छेद १६१ खाली दयेचा अर्ज असतो. ते अपील नव्हे, तिथे खटला पुन्हा चालत नाही. पण अर्जावर अवाजवी उशीर झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, असं कोर्टाने २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात म्हटलं. म्हणजे दयेचा अर्ज फेटाळला गेल्यावरही प्रकरण पुन्हा एकदा त्याच कोर्टात येऊ शकतं, यावेळी अनुच्छेद ३२ खाली.